वयात येणाऱ्या मुलांचा हक्क आणि आपली हया



आपल्या मोहल्ल्यातील मक्तबात शिकणाऱ्या दहा-अकरा वर्षांच्या एखाद्या मुलाला विचारा की गुस्ल कशाकशाने फर्ज होतो. तो एका दमात घोकलेली यादी म्हणून दाखवील. जनाबत, इहतिलाम, हैज, निफास हे शब्द त्याच्या तोंडून अस्खलित बाहेर पडतील. मग त्यांपैकी एकाचा अर्थ विचारा. तो मौलवीसाहेबांकडे पाहील आणि मौलवीसाहेब घड्याळाकडे पाहतील. हा मुलगा घरी दखनी किंवा कोकणी बोलतो, मक्तबात उर्दू वाचतो आणि शाळेत मराठीतून विज्ञान शिकतो. अशा तीन भाषा ज्याच्या जिभेवर आहेत, त्याला स्वतःच्या शरीरात वर्षा-दोन वर्षांत काय घडणार आहे हे सांगणारा एकही समजलेला शब्द यांपैकी कोणत्याच भाषेत मिळालेला नाही. मक्तबातील शब्द त्याच्यासाठी कुलूपबंद पेटीसारखे आहेत. शाळेतील पुनरुत्पादनाचा धडा ‘घरी वाचून घ्या’ या एका वाक्यात संपतो. उरली घरची आणि गल्लीची बोली. तिच्यात शरीराच्या या भागांची नावे त्याला फक्त शिव्यांमध्ये भेटतात.

ही परिस्थिती ज्या वादातून घट्ट झाली, त्याची आठवण येथे करून देणे आवश्यक आहे. 2007 साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना आणि केंद्र सरकारचे मनुष्यबळ विकास मंत्रालय यांनी आखलेला किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम महाराष्ट्राच्या शाळांपर्यंत पोहोचला, आणि विधिमंडळात गदारोळ उठला. शिक्षकांसाठी तयार केलेल्या साहित्यातील चित्रांवर मुख्य आक्षेप होता. राज्य सरकारने कार्यक्रम थांबवला. गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक, छत्तीसगढ, राजस्थान या राज्यांनीही त्याला दार बंद केले. यांपैकी काही राज्यांत एका पक्षाचे सरकार होते, काहींत त्याच्या कट्टर विरोधकांचे. एरवी कोणत्याही प्रश्नावर ज्यांचे पटत नसे, ते ‘भारतीय संस्कृती’च्या नावाने या एका प्रश्नावर एकत्र आले. पुढे 2009 मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने, जिचे अध्यक्ष श्री. एम. व्यंकय्या नायडू होते, शाळांमधून लैंगिक शिक्षण देऊ नये अशी शिफारस केली. आपल्या समाजातील अनेकांनीही त्या विरोधाच्या सुरात सूर मिसळला. ज्या मंडळींशी आपले कशावरही एकमत होत नाही, त्यांच्याशी येथे झाले. हे एकमत थोडे थांबून तपासून पाहावे, असे मात्र फारच थोड्यांना वाटले.

विरोध करण्याचा आपल्याला हक्क होता, आणि त्या विरोधात काही तथ्यही होते. त्याकडे पुढे येऊच. परंतु त्या वेळी आपण एक शब्दही देऊन बसलो होतो. व्यासपीठांवरून आणि मशिदींच्या मिंबरांवरून म्हटले गेले की हे शिक्षण शाळेचे काम नाही, ते घराचे काम आहे, आणि आमच्या दीनमध्ये त्याची संपूर्ण शिकवण आहे. शाळेला नकार देताना घराने हे काम आपल्या शिरावर घेतले होते. इस्लाममध्ये वचन हे कर्जासारखे मानले जाते. 2007 मध्ये नववीत बसलेल्या मुलामुलींनी आज तिशी ओलांडली आहे; त्यांच्यापैकी बहुतेक स्वतः आईबाप झाले आहेत. त्यांना घरी कोणी काय शिकवले, याचा हिशोब मांडला तर किती घरांतून उत्तर येईल? माझ्या मते तो हिशोब मांडणे हाच या संपूर्ण वादातील खरा नैतिक प्रश्न आहे. शाळेत शिकवावे की नाही हा त्यानंतरचा.

आता सर्वप्रथम ‘हया’ या शब्दाकडे वळू, कारण सर्व मौनाचे समर्थन त्याच्याच आधारे केले जाते. हया ईमानचा भाग आहे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपणा सर्वांना पाठ आहे. प्रश्न असा की ज्यांनी ही शिकवण दिली आणि ज्यांनी ती थेट त्यांच्याकडून घेतली, त्यांच्या आचरणात हया कशी दिसत होती? इमाम बुखारी (रह.) यांनी आपल्या संग्रहातील ज्ञानविषयक ग्रंथात ज्ञानप्राप्ती आणि लज्जा या विषयावर स्वतंत्र प्रकरण केले आहे. त्यात ह. उम्मे सुलैम (रजि.) प्रेषितांकडे (स.) येतात. सत्याच्या बाबतीत अल्लाह संकोच करीत नाही, असे आधी म्हणून त्या विचारतात की स्त्रीला झोपेत स्वप्नावस्था आली तर तिच्यावर गुस्ल फर्ज होतो काय. प्रेषितांनी (स.) स्पष्ट उत्तर दिले की तिला स्राव दिसला तर होतो. तेथे असलेल्या ह. उम्मे सलमा (रजि.) यांनी लाजून चेहरा झाकला, पण चेहरा झाकूनही त्यांनी पुढचा प्रश्न विचारलाच की स्त्रीलाही असे होते काय. त्यावरही उत्तर मिळाले की, नाहीतर मूल आईसारखे कशामुळे दिसते? लज्जा होती, चेहऱ्यावर होती, आणि प्रश्नही होता.

याच्या लगेच पुढचे प्रकरण मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्यात ह. अली (रजि.) यांचे कथन आहे. त्यांना शरीरस्रावाविषयी एक प्रश्न पडला होता. पण प्रेषितांची (स.) कन्या त्यांची पत्नी, त्यामुळे सासऱ्यांना हे कसे विचारावे? त्यांनी ह. मिकदाद (रजि.) यांना विचारायला सांगितले. मिकदाद यांनी विचारले, उत्तर मिळाले, प्रश्न सुटला. पाहा, येथे अलींची हया कोणी दोषास्पद ठरवली नाही आणि त्यांच्यावर थेट विचारण्याची सक्तीही झाली नाही. पण प्रश्न अनुत्तरित राहिला नाही. हयेने विचारण्याचा मार्ग बदलला, विचारणे थांबवले नाही. ही दोन प्रकरणे शेजारी-शेजारी ठेवणाऱ्या विद्वानाला नेमके काय सांगायचे होते, हे वाचकांनी स्वतःच ठरवावे.

मदीनेच्या अन्सार स्त्रियांची ह. आएशा (रजि.) यांनी जी प्रशंसा केली, तीही याच संदर्भातील आहे. दीनची समज मिळवताना लज्जा त्यांच्या आड आली नाही, असे त्या म्हणाल्या. पाळीनंतरच्या स्नानाविषयी एका स्त्रीने विचारले, तेव्हा प्रेषितांनी (स.) कस्तुरी लावलेले फडके वापरण्यास सांगितले. तिला नेमके समजले नाही, तिने पुन्हा विचारले. प्रेषितांना (स.) संकोच वाटला आणि त्यांनी चेहरा फिरवला. तेव्हा ह. आएशा (रजि.) यांनी त्या स्त्रीला आपल्याजवळ ओढून घेतले आणि ते फडके कोठे व कसे फिरवायचे ते हळू आवाजात समजावून सांगितले. स्त्रीने स्त्रीला, एकांतात, पण पूर्ण आणि व्यवहारोपयोगी तपशिलासह सांगावे, ही पद्धत आपल्याला तेथून मिळालेली आहे. तिचा वारसा सांगणाऱ्या आपल्या घरांत आज आई मुलीला काय सांगते? ‘आता मोठी झालीस, ओढणी नीट घे.’ बस्स.

कोणी म्हणेल, ही प्रौढांची उदाहरणे झाली, मुलांचे काय? त्यासाठी कोकणातील वाचकांना मी त्यांच्याच मजहबच्या एका थोर इमामाकडे नेऊ इच्छितो. इमाम नववी (रह.) यांचे निधन 1277 साली झाले. शाफई फिकहवरील आपल्या ‘अल-मजमूअ’ या विस्तृत ग्रंथाच्या प्रस्तावनेत ते इमाम शाफई (रह.) व त्यांच्या शिष्यपरंपरेच्या आधारे सांगतात की, वयात आल्यावर जे जे मुलावर फर्ज होणार आहे, ते त्याला लहानपणीच शिकवणे हे आईबापांवर वाजिब आहे. त्यात तहारत, नमाज, रोजा येतात, तसेच व्यभिचार आणि त्यासारखी इतर दुष्कृत्ये निषिद्ध आहेत हे सांगणेही येते. आणि त्यापुढे ते म्हणतात की वयात येताच त्याच्यावर धार्मिक जबाबदारी येते हे त्याला कळवावे, आणि वयात येणे कोणत्या गोष्टींनी ओळखले जाते तेही त्याला कळवावे. या शेवटच्या भागावर विचार करा. वयात येण्याची चिन्हे मुलाला आधीच सांगणे, ही गोष्ट सातशे वर्षांपूर्वीच्या एका अत्यंत परहेजगार आलिमाने पालकांच्या कर्तव्यांत मोजली आहे. हे सांगितल्याशिवाय, नमाज आपल्यावर फर्ज झाली आहे हे त्या मुलाला कळणार तरी कसे? आपण ज्याला पाश्चात्त्यांचे खूळ म्हणतो, त्याचा एक मोठा भाग आपल्याच ग्रंथांत वाजिब म्हणून नोंदलेला आहे.

हनफी वाचकांसाठी तर उदाहरण त्यांच्या कपाटातच आहे. मौलाना अशरफ अली थानवी (रह.) यांचे ‘बहिश्ती जेवर’ पिढ्यान्‌पिढ्या मुलींच्या रुखसतीत कुरआनबरोबर दिले गेले. त्यात हैज, निफास, गुस्ल यांचे मसाइल सविस्तर आहेत, आणि पुरुषांशी संबंधित मसाइलसाठी ‘बहिश्ती गौहर’ हा वेगळा भाग आहे. शिकवणारा पुरुष असेल तर हे नाजूक मसाइल त्याने आपल्या पत्नीकरवी समजावून द्यावेत, किंवा मुलीला ते नंतर स्वतः वाचण्यास सांगावे, अशी सूचनाही मौलानांनी केलेली आहे. अडचण त्यांनाही दिसत होती, आणि त्यांनी ती पाने काढून टाकून सोडवली नाही. आपण मात्र ग्रंथ भेट देतो तो निकाहच्या दिवशी, म्हणजे मुलगी वयात आल्यानंतर आठ-दहा वर्षांनी, आणि तोही लाल कापडात बांधून.

रमजानमधील एक गोष्ट बहुतेक घरांतील स्त्रियांना माहीत आहे आणि बहुतेक पुरुषांना नाही. पाळीच्या दिवसांत रोजा माफ असतो, नव्हे, तो ठेवायचाच नसतो. तरीही कित्येक मुली त्या दिवसांत सहरीला उठतात, भावांबरोबर बसून खातात, दिवसभर उपाशी राहतात किंवा स्वयंपाकघराच्या दाराआड पाण्याचे दोन घोट घाईने घेतात, आणि मगरिबला सर्वांबरोबर खजूर तोंडात घालून इफ्तार करतात. कोणी पाहू नये, कोणी विचारू नये म्हणून. चारचौघांसमोर न खाणे ही शालीनता झाली, त्याला कोणाची हरकत नाही. पण घरातील मुलीला आपल्याच भावाबापांसमोर आठवडाभर रोजेदार असल्याचे सोंग करावे लागत असेल, तर आपण तिला हया शिकवीत आहोत की खोटे वागणे? अल्लाहने जी सवलत दिली, ती घेताना गुन्हेगारासारखे लपावे लागणे ही शरीअतची शिकवण नाही. पाळीविषयी लोकांनी प्रेषितांना (स.) प्रश्न विचारला, त्याचे उत्तर कुरआनच्या सूरह बकरहमध्ये, आयत 222 मध्ये आहे. तो प्रश्न आणि ते उत्तर आपण तरावीहमध्ये मोठ्या आवाजात ऐकतो. त्या काळी मदीनेतील काही घरांत पाळीच्या दिवसांत स्त्रीला वेगळे बसवीत, तिच्यासोबत जेवत नसत. प्रेषितांनी (स.) ती रीत मोडली. ह. आएशा (रजि.) ज्या पेल्यातून पाणी पीत, त्याच पेल्याला त्याच जागी ओठ लावून ते पीत, त्या दिवसांतही. ही सर्व ठिकाणी सांगितली जाणारी हदीस आहे. घरात मात्र तिचा मागमूस नसतो.

मुलांच्या बाबतीत मौनाचा परिणाम वेगळा होतो. मराठीत ज्याला ‘स्वप्नदोष’ म्हणतात, त्या शब्दातच दोष आहे. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा पहाटे घाबरून उठतो. आपल्याला काही रोग झाला आहे किंवा आपण काही पाप केले आहे असे त्याला वाटते, आणि मग रेल्वे स्टेशनाबाहेरच्या भिंतीवर रंगवलेली ‘गुप्तरोगतज्ज्ञां’ची जाहिरात त्याच्याशी बोलू लागते. त्याच्याशी बोलणारे तेवढेच कोणीतरी असते. याउलट सूरह नूरच्या आयत 59 मध्ये मुले वयात येण्याचा उल्लेख आहे, आणि तेथे अल्लाहने जो शब्द योजला आहे तो ‘हुलुम’ आहे. इहतिलाम हा शब्द त्याच धातूपासून बनतो. म्हणजे ज्या घटनेला आपण दोष म्हणतो, तिला कुरआनने प्रौढत्वाची खूण मानले आहे. झोपलेल्या माणसाचे कृत्य लिहिले जात नाही, हेही हदीसमध्ये आहे. रोज्यात असे घडले तर रोजा तुटत नाही, फक्त गुस्ल करावा लागतो, याबद्दल फुकहांमध्ये दुमत नाही. ही तीन वाक्ये बापाने मुलाला सांगितली तर मुलाच्या मनावरचे किती ओझे उतरेल! पण बाप सांगत नाही, आणि मुलगा गुस्ल न करताच भीतीने मशिदीत जातो किंवा नमाजच सोडून देतो.

आता विरोधकांच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. ज्ञानामुळे कुतूहल जागे होते आणि कुतूहलातून कृत्य घडते, असे म्हटले जाते. हा आक्षेप महाराष्ट्राला नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 ते 1953 या काळात ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्यात, जो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून उभा राहिला होता, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. कर्व्यांचे नीतिविषयक निष्कर्ष इस्लामी शिकवणुकीशी जुळत नाहीत आणि मी त्यांचा पुरस्कार करीत नाही. पण प्रश्न कर्व्यांनी निर्माण केले नव्हते. ते पत्र लिहिणाऱ्यांच्या मनात आधीपासूनच होते. आज तर कुतूहल जागवायला कोणत्याही पुस्तकाची गरज उरलेली नाही. ज्या मुलाच्या हातात मोबाइल आहे, त्याच्यासमोर आता ज्ञान आणि अज्ञान असे दोन पर्याय नाहीत. कोणीतरी त्याला शिकवणारच आहे, आणि जे त्याला फुकट शिकवायला तयार बसले आहेत, त्यांच्या शिकवणुकीत स्त्री ही वस्तू आहे, जबरदस्ती ही मर्दानगी आहे आणि निकाह, वात्सल्य, संतती यांचा कोठे पत्ता नाही.

तरीही विरोधकांच्या बोलण्यात जे तथ्य आहे ते मान्य केले पाहिजे. शरीरसंबंध म्हणजे केवळ आरोग्याचा आणि खबरदारीचा प्रश्न, दोघांची तयारी असली की सर्व काही सारखेच, अशी मांडणी करणारे शिक्षण आपल्याला मान्य होऊ शकत नाही. पती-पत्नी एकमेकांचे वस्त्र आहेत ही कुरआनी कल्पना, व्यभिचाराच्या जवळपासही फिरकू नका ही ताकीद, नजर खाली ठेवण्याचा पुरुषांना आधी आणि स्त्रियांना नंतर दिलेला आदेश, आणि सर्वांत शेवटी अल्लाहसमोर जाब देण्याची जाणीव, यांशिवाय हे ज्ञान अपुरे आहे. पण हे सर्व सांगण्यासाठी तरी विषय काढावाच लागेल. एका तरुणाने प्रेषितांकडे (स.) येऊन व्यभिचाराची परवानगीच मागितली होती, मुस्नद अहमदमध्ये ह. अबू उमामा (रजि.) यांच्याकडून हा प्रसंग आला आहे. आजूबाजूचे लोक त्याच्यावर धावून गेले. प्रेषितांनी (स.) त्याला जवळ बोलावून बसवले आणि विचारले की तुझ्या आईच्या बाबतीत हे तुला चालेल काय? मग मुलीच्या, बहिणीच्या, फुफीच्या, खालाच्या बाबतीत? प्रत्येक वेळी तो नाही म्हणाला, आणि प्रत्येक वेळी त्याला सांगितले गेले की इतरांनाही ते चालत नाही. नंतर त्याच्यावर हात ठेवून प्रेषितांनी (स.) त्याच्यासाठी दुआ केली. आजच्या एखाद्या मुलाने हाच प्रश्न आपल्या घरात विचारला असता तर? प्रश्न पूर्ण होण्याआधीच थप्पड बसली असती, आणि तो पुन्हा आपल्याकडे कधीच काही विचारायला आला नसता. धावून जाणारे लोक त्या प्रसंगातही होते. आपण नेमके त्यांचेच अनुकरण करतो.

येथवर मी असे गृहीत धरले की घर चांगले आहे. आता कठीण भाग. ज्या 2007 सालात महाराष्ट्राने शाळेचे दार बंद केले, त्याच वर्षी केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने बालकांच्या छळाविषयीचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. 13 राज्यांतील 12,447 मुलांशी बोलून तो झाला होता. महाराष्ट्र आणि गोवा त्यात होते. निम्म्याहून अधिक, म्हणजे 53.22 टक्के मुलांनी लैंगिक छळाचा एखादा तरी प्रकार सोसल्याचे सांगितले, आणि त्यांत मुलांचे प्रमाण मुलींपेक्षा कमी नव्हते. छळ करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते. बहुतेकांनी कोणाला काही सांगितलेच नव्हते. तेव्हा ‘हे शिक्षण फक्त घरातच’ असे आपण ठासून म्हणतो, त्या वेळी त्या मुलाचे काय करायचे, ज्याच्यावर अत्याचार करणारा त्याच घरात जेवायला बसतो? चाचा असेल, भाऊजी असेल, शिकवणीचे सर असतील, आणि हे लिहिताना हात थरथरतो, पण मक्तबात शिकवणाराही असू शकेल. अशा मुलासाठी घराबाहेरचा एक विश्वासू प्रौढ आणि योग्य शब्द, एवढीच वाट असते. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरला शाळेतच चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला, तो उघडकीस आला तो मुलीने घरी सांगितल्यामुळे. उलट दिशेनेही हेच खरे आहे. घरातले सांगायला शाळा हवी.

म्हणून पालकांचा हक्क हा अमर्याद हक्क नाही. मूल ही आपली मालमत्ता नव्हे, ती अल्लाहची अमानत आहे, आणि अमानतीच्या मालकापुढे आपल्याला हिशोब द्यायचा आहे. फिकहमध्ये फर्जे किफाया नावाची कल्पना आहे. जे काम समाजातील काहींनी केले तर सर्वांची सुटका होते आणि कोणीच केले नाही तर सर्व गुन्हेगार ठरतात, ते फर्जे किफाया. प्रत्येक मुलाला आपल्या शरीराची, त्याच्या सुरक्षिततेची आणि कायद्याची ओळख होईल असे पाहणे, हे माझ्या मते अशाच स्वरूपाचे काम आहे. 2012 चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालील मुलगा आणि मुलगी दोघांनाही संरक्षण देतो. अत्याचाराची माहिती असूनही पोलिसांना न कळवणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे, आणि मुलाची ओळख उघड करण्यास बंदी आहे. त्यामुळे ‘खानदानची अब्रू’ हे गप्प बसण्याचे कारण ना कायद्यापुढे टिकते, ना अल्लाहपुढे. अठरा वर्षांखालील मुलीची संमती कायदा संमती मानत नाही, हेही किती मुलांना ठाऊक असते? प्रेमप्रकरणात घर सोडून गेलेला कोवळा पोरगा थेट आरोपी म्हणून उभा राहतो, तेव्हा ते त्याला कळते. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सर्वंकष लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमांचा विचार करावा असे केंद्र सरकारला सुचवले आहे. तेव्हा हा विषय पुन्हा शाळांच्या दारात येणार हे निश्चित. त्या वेळी आपण काय करावे? माझे मत स्पष्ट आहे. शरीररचना, वयात येताना होणारे बदल, आजार, छळापासून बचाव आणि कायदा हे शाळेला शिकवू द्यावे. पालकसभेला जावे, पुस्तक मागून वाचावे, मुलींना शिक्षिकेने आणि मुलांना शिक्षकाने शिकवावे असा आग्रह धरावा, एखादे चित्र अनुचित वाटले तर त्या चित्राविषयी बोलावे. पण एका चित्रासाठी सगळे पुस्तक बंद करण्याच्या मागणीवर आपली सही नसावी. आणि हलाल-हराम, निकाहचे पावित्र्य, जबाबदारी हे आपण शिकवावे, शाळेच्या आधी.

ही सुरुवात कोठून करायची, हे सूरह नूरच्या आयत 58 मध्ये आहे. फज्रच्या आधी, दुपारी कपडे उतरवून विश्रांती घेताना आणि इशानंतर, या तीन वेळी वयात न आलेल्या मुलांनीही परवानगी घेऊनच आत यावे, असा आदेश आहे. म्हणजे एकांत काय असतो, शरीर कोणापासून झाकायचे, हे मूल वयात येण्याच्या आधीच शिकते. मुलगी आई-बापाच्या दारावर टकटक करायला शिकली की तिच्या दारावर न विचारता येणारा माणूस चुकतो आहे हेही तिला कळते. दहाव्या वर्षी मुलांची अंथरुणे वेगळी करण्याची हदीसही याच धोरणाची आहे. मुंब्रा, गोवंडी किंवा मालेगावच्या एका खोलीच्या घरात सहा-सात माणसे राहतात, तेथे हे कसे पाळायचे असा प्रश्न येईल, आणि तो खोटा नाही. तेथे एक पडदा, अंथरुणांमधील हातभर अंतर आणि कपडे बदलताना तोंड फिरवण्याची शिस्त, एवढे तरी होऊ शकते. जेथे दार नाही, तेथे पडद्याबाहेर उभे राहून सलाम करता येतो.

बापाला जीभ रेटत नसेल तर त्याने ह. अली (रजि.) यांचा मार्ग धरावा. मुलाचा मामा असेल, ओळखीचा डॉक्टर असेल, मशिदीतील एखादा समंजस तरुण आलिम असेल. त्याला सांगून ठेवावे आणि त्याने सांगितले की नाही हे नंतर विचारून घ्यावे. मशिदीच्या कमिट्यांनी मक्तबातील मोठ्या मुलांना गुस्लचे मसाइल एकदा त्यांच्या बोलीत, अर्थासह शिकवण्याची व्यवस्था केली तर हे लेख लिहिण्याची गरज उरणार नाही. मुलींसाठी आपल्या भागातील आलिमा आहेतच, त्यांना बोलवावे. आणि आयांनी शाबान महिन्याचा उपयोग करावा. ह. आएशा (रजि.) गेल्या रमजानमधील आपले राहिलेले रोजे शाबानमध्ये पूर्ण करीत, हे बुखारीत आहे. अकरा-बारा वर्षांच्या मुलीला शेजारी बसवून आईने स्वतःचे कजा रोजे मोजावेत, ते का राहिले होते हे तिला सांगावे, नमाजची कजा का करायची नसते तेही सांगावे, आणि त्यातला एखादा रोजा मुलीला आपल्याबरोबर ठेवू द्यावा.